बॅलन्स्ड फ्लूची गॅस फायरप्लेस: एक हिवाळा वापरल्यावर

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावातल्या आमच्या घराला धुराडंच नाही. तरी बैठकीच्या खोलीत जाळ दिसायला हवा होता, म्हणून ऑक्टोबरात बॅलन्स्ड फ्लूची गॅस फायरप्लेस बसवून घेतली. हिवाळाभर जवळपास रोज संध्याकाळी पेटवली. आता एप्रिल संपत आलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

फ्लू म्हणजे जळलेला वायू बाहेर नेणारा पाईप. बॅलन्स्ड फ्लूत एकात एक घातलेले दोन पाईप भिंतीतून बाहेर जातात. बाहेरच्या पाईपातून जाळाला लागणारी हवा येते, आतल्यातून जळलेला वायू निघून जातो. पुढची काच पक्की बंद, त्यामुळे खोलीतल्या हवेचा आणि जाळाचा संबंधच येत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात किती वेळा वाचल्यात! कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. मला तरी सगळ्या मॉडेलांच्या देखणेपणापेक्षा ही बंद काच मोलाची वाटली.

मात्र भिंतीचं काम चोख झालं तरच. पाहणीला आलेला पहिला माणूस म्हणाला, पाईप स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच काढू, सरळ पडेल. दुसऱ्याने आधी टेप काढली. पंखा नसलेला फ्लू आणि ७ किलोवॉटपर्यंतचं यंत्र असेल तर उघडणाऱ्या खिडकीच्या खाली किमान ३०० मिलिमीटर अंतर लागतं, ७ ते १४ किलोवॉटला ६००. शिवाय कंपनीच्या पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर ते पाळायचं. आमच्याकडे तेवढी जागाच नव्हती, म्हणून त्याने फायरप्लेस बाजूच्या भिंतीवर घेतली. काम वाढलं, पैसेही वाढले, पण ते मला पूर्ण पटलं.

इथल्या भिंती दुहेरी असतात, मध्ये पोकळी. पाईप जातो तिथे ती पोकळी दोन्हीकडून नीट बंद केली नाही, तर बाहेर जायचा वायू भिंतीतून घरात शिरू शकतो. त्याने ते बंद करताना मला बोलावून दाखवलं. बाहेरचं तोंड जमिनीपासून २ मीटरच्या आत येत होतं, म्हणून त्यावर जाळीचा पिंजरा बसवला.

माणूस निवडताना गॅस सेफ रजिस्टरचं, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीचं, कार्ड मागाच (२००९ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये कॉर्गी या जुन्या यादीच्या जागी हेच आहे) आणि ते उलटून पाहा. कुठल्या कामाची परवानगी आहे ते मागे लिहिलेलं असतं. बॉयलरची असली म्हणजे गॅस फायरची असेलच असं नाही. काम झाल्यावर नियमपूर्तीचं प्रमाणपत्र टपालाने आलं, ते घराच्या कागदांत ठेवलंय. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच दिवशी लागला: छतावर, भिंतीपासून ३०० मिलिमीटर आत, फायरप्लेसपासून १ ते ३ मीटरच्या टप्प्यात. इंग्लंडमध्ये २०२२ पासून अशा नव्या यंत्राबरोबर तो लागतोच.

आता वापराचं. पहिल्यांदा पेटवल्यावर रंग तापल्याचा उग्र वास येतो; खिडक्या उघड्या ठेवून बराच वेळ चालू द्यावी. पेटवताच काचेवर आतून वाफ धरते, ती थोड्या वेळात जाते. सिरॅमिकचे निखारे पुस्तिकेतल्या चित्राबरहुकूमच हवेत, नाहीतर काच काजळते. वादळी रात्री ज्वाळा जराशी हलायची, विझली मात्र कधी नाही. वीज गेली तेव्हाही चालली, कारण आमच्या मॉडेलला विजेची जोडणीच नाही.

जानेवारीत आई नाशिकहून आली. पहिल्या संध्याकाळी म्हणाली, "अगं, गॅस पेटलाय, खिडकी तरी उघड." तिला बाहेर नेऊन पिंजऱ्यातून येणारी ऊब हाताला लागू दिली, तेव्हा कुठे ती निर्धास्त झाली.

एक खरी अडचण आहे: काच भयंकर तापते आणि विझवल्यावरही बराच वेळ तशीच राहते. घरात रांगतं मूल असेल तर भिंतीला अडकवायची जाळी आधी आणा, फायरप्लेस नंतर.

काच उघडणं, तिची कडेची सीलपट्टी तपासणं हे आपण करायचं काम नाही. वर्षाच्या सर्व्हिसमध्ये गॅस सेफच्या माणसालाच करू द्यायचं. मी सप्टेंबरची तारीख आत्ताच घेऊन ठेवलीय. थंडी सुरू झाली की या लोकांना फुरसत नसते.