ऑटोपे लावायचं तर मिनिमम ड्यू की टोटल ड्यू?

मैत्रीण विचारत होती, क्रेडिट कार्डाचं बिल भरायचा कंटाळा येतो, मग ऑटोपेला (बिल खात्यातून आपोआप कटतं ते) काय निवडू. लेट फी दोन्हीत वाचते, सेटिंगची कटकट पण सेम. खरा फरक व्याजात. मिनिमम ड्यू म्हणजे बिलाचे कमीत कमी भरायचे साधारण ५ टक्के, म्हणजे २०,००० च्या बिलात हजारच कटतात आणि उरलेल्यावर बऱ्याच कार्डांना महिन्याला ३ टक्के किंवा जास्तच व्याज, वर त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय नवीन खरेदीवर पण पहिल्या दिवसापासून मीटर चालू (हे कोणी सांगतच नाही!). टोटल ड्यू म्हणजे पूर्ण बिल, त्यात व्याज शून्य, फक्त त्या तारखेला खात्यात पैसे हवेत, नाहीतर बाउन्सचा दंड वेगळा. पगार फिक्स असेल तर डोळे झाकून टोटल लाव. कमाई वरखाली असेल तर मिनिमम ठेव, पण उरलेले ड्यू डेटच्या आत स्वतः भरायचे.