पिसवांच्या औषधापायी १४,१५६ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

चौदा हजार एकशे छप्पन्न रुपये. डॉक्टरांचे १,८५० वेगळे. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण गेले पाच आठवडे ज्याला सांगावं तो आधी "किती गेले?" विचारतो आणि मग "कुत्र्यासाठी?" म्हणून माझ्या तोंडाकडे बघतो. हो, कुत्र्यासाठी.

बंड्या आमचा गावठी, २३ किलोचा. पाच वर्षांपूर्वी भर पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली कुडकुडत बसलेला सापडला. रोज पहाटे साडेपाचला आम्ही दोघं वेताळ टेकडीवर असतो. मोर ओरडला की एक पाय उचलून, कान ताठ करून तो जागीच थांबतो आणि मग माझ्याकडे बघतो, तू ऐकलंस ना, असं. निवृत्त झाल्यापासून माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला तास हाच आहे.

श्रावणात त्याने खाजवायला सुरुवात केली. शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडून कातडी उघडी पाडली. फणीत काळे बारीक कण निघाले, ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवले तर त्यांचा रंग लालसर पसरला. मातीचा पसरत नाही. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे बंड्याचंच रक्त. त्यातच आईच्या घोट्यांवर गांधी उठल्या. आई ८४ वर्षांची. रात्रभर पाय चोळत बसायची. बंड्याचे नेहमीचे डॉक्टर दहा दिवस गावाला गेलेले, जवळच्या दुकानात त्याच्या वजनाचं औषध संपलेलं. हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की मी काही स्वस्तातलं शोधायला निघालेलो माणूस नव्हतो. घाईला आलेला होतो. अशी माणसंच फसवणाऱ्यांना हवी असतात.

रात्री मोबाइलवर जाहिरात आली. ओळखीच्या कंपनीचं नाव, तोच रंग, तोच खोका, किंमत जवळपास निम्मी. व्हॉट्सअॅपवर बोललो. "सर, डीलर का स्टॉक है, एकदम ओरिजिनल." मानेवर सोडायच्या थेंबांच्या सहा नळ्या २,३४० रुपयांना, घरात मारायचा फवारा १,१९९ ला. एकूण ३,५३९, सगळे आगाऊ. पार्सल हातात आल्यावर पैसे चालणार नाहीत म्हणाला, तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण मला अजून जाळतो तो क्षण हा नव्हे.

तो क्षण चौथ्या दिवशी आला, पार्सल उघडल्यावर. बायकोने खोका हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "अहो, यावर वजन कुठंय?" खऱ्या औषधाच्या खोक्यावर वजनाचा पट्टा ठळक छापलेला असतो: १० किलोपर्यंत, १० ते २०, २० ते ४०. पाच वर्षं मी तोच बघून औषध आणतोय. या खोक्यावर लिहिलेलं होतं, "कुत्रा व मांजर, दोघांसाठी". बॅच नंबरच्या जागी कोरी चौकट. मुदत संपायची तारीख नाही. हे सगळं मी बघितलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि म्हटलं, "पॅकिंग बदललं असेल."

नळी मोडली तेव्हा डांबरगोळ्यांसारखा उग्र वास आला. बंड्याने मान फिरवली. कधी नाही तो माझ्या हातातून निसटायला बघत होता, आणि मी त्याला गुडघ्यांत धरून ते मानेवर ओतलं. तासाभरात तो लाळ गाळायला लागला, भिंतीला मान घासायला लागला. दुसऱ्या एका डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, आधी भांडी घासायच्या सौम्य साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा, चाटू देऊ नका, आणि लगेच घेऊन या. तसंच केलं. मानेवर दोन रुपयांच्या नाण्याएवढी कातडी भाजली. त्या नळीत नक्की काय होतं ते त्यांनाही सांगता येईना.

एक नळी मी शेजारच्या काकूंना त्यांच्या मांजरीसाठी दिली होती. "दोघांसाठी" लिहिलंय म्हणून. डॉक्टरांनी हे ऐकलं आणि ताडकन उठले. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजराला ते झटके आणून मारू शकतं. काकूंनी अजून लावली नव्हती, म्हणून मनी वाचली. खोक्यावर काहीही छापलेलं असू दे, कुत्र्याचं औषध मांजराला लावायचं नाही.

मग मी पैसे परत मागितले. तो लगेच तयार झाला, माफीही मागितली. एक क्यूआर पाठवला, त्यावर "रिफंड ३,५३९" लिहिलेलं. स्कॅन केला, पिन टाकला, ३,५३९ गेले. "सर, एंट्री उल्टी हो गयी, दोनों मिला के भेजता हूँ." ७,०७८ चा दुसरा क्यूआर आला. पैसे घेताना पिन लागत नाही, हे मला माहीत आहे, आईला मीच शिकवलंय. पण त्या संध्याकाळी बंड्या पायाशी कण्हत होता, आई तापलेली, डोकं ठिकाणावर नव्हतं. तेही गेले. नंबर बंद.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. हे काम पहिल्या तासात करा, मी दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. तिथून पुढे जे झालं त्याने फसवणाऱ्यापेक्षा जास्त संताप आला. ठाण्यातला हवालदार अर्ज वाचून हसला. "काका, कुत्र्याच्या औषधाला एवढे पैसे?" मग सायबरवाल्यांकडे जा. तिथे सांगितलं, आधी ठाण्यातून पत्र आणा. दोन चकरा, चार तास बाकावर. बँकेत एक वाक्य, "पिन तुम्हीच टाकलाय." औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कचेरीत खोका टेबलावर ठेवला, तर साहेबांनी हातसुद्धा न लावता पशुसंवर्धनकडे बोट दाखवलं. पशुसंवर्धनवाल्यांनी परत त्यांच्याकडे. १९४० च्या औषध कायद्यात औषधाच्या व्याख्येतच माणसं आणि जनावरं दोन्ही आहेत. मी ते पान छापून घेऊन गेलो. "अर्ज ठेवून जा." पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. खोट्या औषधाने उद्या कुणाची मनी मेली तर तिचा अर्ज कुठल्या टेबलावर ठेवायचा? मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केलीय आणि ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

औषध डॉक्टरांकडून किंवा पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्या. पावतीवर बॅच नंबर लिहून मागा, लाज बाळगू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, मी काढला नाही. आणि एका नळीत पिसवा संपतील असं सांगणारा माणूस खोटंच बोलतो. अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीची अंडी, अळ्या, कोष सतरंजीत, सोफ्याच्या फटीत, फरशीच्या सांध्यात. कोषातली पिसू महिनोन्‌महिने दम धरून राहते. बंड्याची गोधडी दर आठवड्याला गरम पाण्यात, सोफ्याखाली व्हॅक्यूम, आणि खरं औषध दर महिन्याला, सलग. त्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर जंताचंही औषध विचारा, पिसू गिळल्याने पट्टकृमी नावाचा तो जंत होतो.

बंड्याच्या मानेवर आता बारीक लव आलीय. परवापासून टेकडीवर पुन्हा जातोय. काकूंनी परत दिलेली धरून पाच नळ्या, खोक्यासकट, पिशवीत बांधून मी कपाटात ठेवल्यात. आजवर एकाही कचेरीने त्या मागितलेल्या नाहीत.