बोर्डिंग की एसटीचा पास?

गारगोटीकडच्या एका पालकांचा प्रश्न आहे. पोराला आठवीला कोल्हापुरात मुलांच्या जुन्या हायस्कुलात घातलंय. आता बोर्डिंगला ठेवू की रोज एसटीनं पाठवू?

खर्चात एसटी सरळ जिंकते. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत, जेवण घरचं. बोर्डिंगला राहण्या-जेवणाचे पैसे मोजावेच लागतात.

वेळेचं मात्र उलट. गारगोटी पन्नासेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास गाडीतच. आणि अशा शाळेतली खरी घडण घंटा झाल्यावर सुरू होते: फुटबॉलचा सराव, एनसीसीची परेड, हरल्यावरही समोरच्याशी हात मिळवणं. संध्याकाळची गाडी धरायला पळणारा पोरगा नेमका याला मुकतो. माझ्या मते हा तोटा पैशापेक्षा मोठा.

शिस्तीचं म्हणाल, तर शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं ते खेड्यातल्या पोरांना शिकता यावं म्हणूनच. आपलं ताट आपण घासायचं, थोरल्यानं धाकट्याला गणित समजावायचं, हे तिथं अंगवळणी पडतं. पण थोरल्यांची दादागिरीही असू शकते. रेक्टर रात्री तिथंच राहतात का, हे स्वतः जाऊन बघा. माहितीपत्रकावर विसंबू नका.

कागलसारखं जवळचं गाव असेल किंवा पोरगं फार बुजरं असेल, तर एसटी. लांबचं गाव आणि मैदानाची ओढ असेल, तर बोर्डिंगच.