लाकडाचा सल्लागार: आठ महिन्यांचा हिशेब

गेल्या रविवारी मामेभावाबरोबर एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन या गेममधली एक मोहीम हरलो. तो ओरडतोय, "दादा, तुझं सैन्य कुठंय?" आणि मी म्हणतोय, "अरे, लाकूडच नाहीये!" लाकडाचा जांभळा, म्हणजे वरच्या दर्जाचा, सल्लागार नेमलेला असताना! त्या रात्री चिडून हे लिहायला घेतलं.

२०१४ च्या जुलैत या गेमचा अधिकृत सर्व्हर बंद पडला. आता चाहत्यांनी उभा केलेला प्रोजेक्ट सेलेस्ट आहे, त्यावर खेळतो. पूर्वी वरच्या दर्जाच्या वस्तू वापरायला प्रीमियम संस्कृती विकत घ्यावी लागायची, तेव्हा मी एक रुपया सोडला नव्हता. इथे सगळं फुकट. त्यामुळे तक्रार करताना जीभ जराशी अडखळते.

डाव चार युगांतून पुढे सरकतो आणि प्रत्येक युगासाठी एक सल्लागार नेमता येतो; तो कुठल्यातरी एका कामात फायदा देतो. मी नाणी साठवत बसलो. बारीकसारीक काही घेतलं नाही, भाल्यांची धार तशीच बोथट ठेवली आणि लाकूडतोडीचा वेग वाढवणारा माणूस नेमला. पहिले दोन महिने खूश होतो. नंतर वाटायला लागलं, पठ्ठ्या फुकटचा पगार खातोय.

रविवारनंतर त्याच मोहिमेचं रेकॉर्डिंग पाहिलं. माझे गावकरी झाडं तोडत तोडत वखारीपासून, म्हणजे लाकूड जमा करायच्या जागेपासून, पार लांब गेले होते. सल्लागार कुऱ्हाडीचा वेग वाढवतो, पायांचा नाही! समजा, गावकरी दहा सेकंद तोडतो आणि दहा सेकंद येण्याजाण्यात घालवतो. तोडणं २० टक्क्यांनी वाढलं, तरी वीस सेकंदांची फेरी सव्वाअठराच्या आसपासच येते. म्हणजे हातात पडतात जेमतेम ९ टक्के. उरलेलं चालण्यात गेलं. नवी वखार झाडांना चिकटून बांधली असती, तर साध्या पांढऱ्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या, सल्लागारानेही काम भागलं असतं. नाणी गेली ती गेली.

म्हणजे माणूस वाईट नव्हता, मालक आळशी होता. हे लिहितानाही थोडं जड जातंय.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. सल्लागाराचा फायदा त्याचं युग गाठल्यावरच सुरू होतो. म्हणून लाकूड वगैरे गोळा करण्यात मदत करणारा माणूस पहिल्या-दुसऱ्या युगात हवा. चौथ्या युगात तो घेऊन काय लोणचं घालायचंय? तोवर निम्मा डाव झालेला असतो. तिथे लढाईवालाच बरा. माझ्या धाकट्या मामेभावाला हे आधीपासून ठाऊक होतं. बोलला मात्र नाही.

सोमवारी तीच मोहीम पुन्हा लावली. तोच सल्लागार, पण चार वखारी. लाकूड एवढं साठलं की खर्च करायला सुचेना, आणि या वेळी सोनं संपलं.