नऊ महिने छोटा पीसी काट्यावर वापरला : हँग, कापूस आणि कॅप्स लॉकचा दिवा

धरणगावकडे आमचा वजनकाटा आहे, आजूबाजूला सगळं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचे कारखाने. मागच्या दसऱ्याच्या आधी जुना मोठा डबा काढला आणि हा छोटा पीसी घेतला, कीबोर्ड-माउससकट 24 हजार. 8 जीबी रॅम, 256 ची एसएसडी, काटा पावतीला रग्गड. कंपनीचं नाव घेत नाही कारण भांडण अजून मिटलेलं नाही.

दिवाळीत मस्त चालला. जानेवारीत ऐन सीझनला हँग व्हायला लागला. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, इंडिकेटरवर वजन दिसतंय पण स्क्रीनवरचं घड्याळ 11:42 ला जे अडकलं ते अडकलं, माउस हलत नाही, आणि ड्रायव्हर खिडकीतून विचारतो, "भाऊ, तुना डबा परत झोपी गया का?" मग पावर बटण दहा सेकंद दाबून धरायचं. असं बंद केलं की सेव्ह न झालेलं उडतं. एकदा भरल्या गाडीचं वजन उडालं आणि गाडी तोवर जिनिंगमध्ये खाली पण झाली, त्या दिवशी व्यापाऱ्याने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता माझा खरा राग. सोबत आलेल्या वायरलेस कीबोर्डला कॅप्स लॉकचा दिवाच नाही! तुम्ही म्हणाल दिव्याने काय होतं. अहो हँग झाल्यावर पहिलं तेच बघायचं असतं. कॅप्स लॉक दाबला आणि दिवा चालू-बंद झाला तर मशीन आतून जिवंत आहे, फक्त एखादा प्रोग्रॅम अडकलाय, कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर येतो, अडकलेल्यावर एंड टास्क. दिवा ढिम्म हलला नाही तर मशीनच गेलंय, पावर बटणाशिवाय इलाज नाही. 24 हजारात चार आण्याचा दिवा देता येत नाही यांना? मी 350 रुपयांचा वायरवाला कीबोर्ड आणला, मोठा हिरवा दिवा, लांबून दिसतो.

जळगावच्या सर्व्हिस सेंटरला दोन चकरा झाल्या. पहिल्यांदा विंडोज नवीन मारून दिली, 800 घेतले, पंधरा दिवस बरं चाललं. दुसऱ्यांदा म्हणे मदरबोर्ड, आणि धुळीमुळे झालंय म्हणून वॉरंटीत बसत नाही. अरे मी काट्यावर बसतो, एसी ऑफिसात नाही, विकताना विचारायचं ना. डबा उचलून परत आणला.

इथपर्यंत मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं, एक स्टार द्यायच्या तयारीत. आता थोडं मागे घेतो.

झालं असं की एप्रिलमध्ये डब्याला हात लागला आणि चटका बसला. वर पत्रे, बाहेर आपलं खानदेशचं ऊन. भाच्याने चार स्क्रू काढले तर पंख्यात कापसाचं रू असं बसलेलं की वात वळता आली असती. ब्रशने काढलं, प्रोसेसरवरची उष्णता बाहेर काढणारी पेस्ट वाळली होती ती पुसून नवीन लावली, खर्च 150. दिवा न हलणारा हँग त्या दिवसापासून एकदाही नाही. म्हणजे धुळीचं सर्व्हिसवाले खरंच बोलले होते, मदरबोर्डचं नाही.

पण दिवा हलणारा हँग चालूच! काट्याचं सॉफ्टवेअर नॉट रिस्पॉन्डिंग, बाकी सगळं ठीक. हे दिव्यामुळेच कळलं की दुखणी दोन आहेत. दुसरं निघालं इंडिकेटरच्या वायरचं. ती यूएसबी कन्व्हर्टरवरून येते, आणि गाडी नसली की विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवते, मग सॉफ्टवेअर वजनाची वाट बघत बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पावर मॅनेजमेंटमधली टिक काढली, आणि पावर ऑप्शनमधलं यूएसबी सस्पेंड बंद केलं. संपलं.

अजून एक, मी रोज रात्री शटडाऊन करायचो तरी टास्क मॅनेजरमध्ये अप टाइम, म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे ते, 23 दिवस दिसत होता. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर सुरू व्हायची सोय) चालू असलं की शटडाऊनने विंडोज पूर्ण बंद होतच नाही, रिस्टार्टने होते. आता दर सोमवारी काटा उघडताना रिस्टार्ट.

तर मशीनला चार स्टार, पंखा दर दोन महिन्यांनी साफ करणार असाल तरच घ्या. सर्व्हिसला शून्य. 800 परत मागतोय, रोज फोन करतो, रोज "साहेब जेवायला गेलेत".

तो बिनदिव्याचा कीबोर्ड कुणाला पाहिजे असेल तर काट्यावर येऊन घेऊन जा, फुकट. सेल मात्र मी काढून घेतलेत.