उझबेकिस्तानात डोंगरातलं गाव निवडताना : सेंतोब की ब्रिचमुल्ला?

ताश्कंद, समरकंद, बुखारा हे तिन्ही ठरलेलं असतं, तिकिटं काढलेली असतात, आणि मग मधे दोन रात्री मोकळ्या दिसल्या की प्रश्न येतो की आता डोंगरातलं एखादं गाव बघायचं तर कुठलं. शोधायला गेलं की फिरून फिरून दोनच नावं पुढे येतात. एक ब्रिचमुल्ला, ताश्कंदच्या ईशान्येला चारवाक जलाशयाच्या काठावरचं, आणि दुसरं सेंतोब, नुराताऊ डोंगरांच्या उत्तर उतारावरचं, नवोई प्रांतात. मी दोन्हीकडे राहून आलोय. दोन्ही ठिकाणचं जेवण, झोप, माणसं याबद्दल माझी तक्रार नाही. पण परत जायचं झालं तर कुठे जाईन हे मला माहितीये, आणि त्याचं कारण जरा वेगळं आहे म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी पोचण्याबद्दल, कारण बहुतेक जण इथेच निर्णय घेऊन टाकतात. ब्रिचमुल्ला सोपं आहे यात वादच नाही. ताश्कंदहून गाडीने दोनेक तास, स्वस्तात जायचं तर मेट्रोने बुयुक इपाक युली स्टेशन, तिथून गझलकेंटपर्यंत बस किंवा मार्शरुत्का, म्हणजे ठरलेल्या मार्गावरची मिनीबस, पुढे शेअर टॅक्सी. खोजिकेंटपर्यंत तर लोकल ट्रेनसुद्धा जाते, आणि तिथली जुनी चिनार झाडं वाटेत उतरून बघण्यासारखी आहेत. सेंतोबला असं काही नाही. समरकंदहून गाडी करायची, जिझ्झाखवरून यांगीकिश्लाक, आणि तिथून डोंगराच्या पायथ्याने पश्चिमेला. मला चार तासांच्या आसपास लागले, त्यात मिथेन भरायला थांबलो तो वेळ धरलाय. तिकडे पुष्कळ गाड्या मिथेनवर चालतात आणि गॅस भरताना सगळ्या प्रवाशांना खाली उतरून बाहेर थांबायला लावतात, तेवढं लक्षात ठेवा, घाईत असाल तर तो वेळ खूप मोठा वाटतो. शेअर टॅक्सीने तुकड्या-तुकड्यांत जाता येतं पण शेवटचा तुकडा, म्हणजे मोठ्या रस्त्यापासून वर गावापर्यंत, त्याची खात्री नसते. दोघं-तिघं असाल तर सरळ पूर्ण गाडीच करा. एक फायदा असा की समरकंद ते जिझ्झाखच्या रस्त्यावर तैमूरचा दरवाजा म्हणतात ती खिंड लागते, तिथे कड्यावर 1425 चा तैमूरचा नातू उलुगबेगचा आणि 1571 चा बुखाऱ्याच्या अब्दुल्ला खानाचा असे दोन शिलालेख आहेत. समरकंदमधली वेधशाळा बघून आला असाल तर त्याच उलुगबेगचं नाव असं हमरस्त्याच्या कडेला कड्यावर कोरलेलं बघताना फार बरं वाटतं.

आता माझा मुद्दा.

ब्रिचमुल्लात मला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला असेल तर तिथे पायी चालता येत नाही याचा. ऐकायला विचित्र वाटेल, कारण समोर जलाशय, मागे चाटकाल रांगेचे डोंगर, मोठं चिमगान शिखर 3309 मीटरचं, आणि हा माणूस म्हणतोय चालता येत नाही. पण तिथे राहून बघा. सकाळी चहा पिऊन बाहेर पडलं की गल्ली, गल्लीच्या दोन्ही बाजूला दाचांची कुंपणं आणि बंद फाटकं. ताश्कंदच्या लोकांनी इथे वर्षानुवर्षं ही सुट्टीची घरं बांधलीयेत. गल्ली संपली की जलाशयाला वळसा घालणारा डांबरी रस्ता, त्याला फुटपाथ नाही आणि कोबाल्ट नि नेक्सिया गाड्या सुसाट जात असतात. खाली पाण्याकडे जावं तर काठाचा बराच भाग रिसॉर्टनी अडवलाय, आत जायला पैसे. वर डोंगराकडे जावं तर चांगली पायवाट जिथे सुरू होते तिथपर्यंत आधी गाडीने जायला लागतं. म्हणजे काहीही करायचं म्हटलं, रोपवे, धबधबा, नुसतं एखाद्या टेकाडावर बसणं, की पहिलं काम टॅक्सी शोधणं. ताश्कंदमध्ये जे टॅक्सी ॲप मिनिटात गाडी देतं ते तिथे मला बहुतेक वेळा नुसतं फिरत राहिलं, मग रस्त्यावर उभं राहून हात करायचा, तोडक्या रशियनमध्ये भाव करायचा, जायचे किती, थांबायचे किती, परत यायचे किती. पैसे आपल्या मानाने फार नव्हते, पैशाचा प्रश्नच नाही. पण डोंगरात आलोय आणि दिवसाची सुरुवात रोज घासाघीस करून होतेय याचा कंटाळा यायला लागला, आणि एका संध्याकाळी बायको म्हणाली की आज कुठेच नको जाऊया, तेव्हा मला कळलं की ही जागा आपल्याला मानवत नाहीये.

सेंतोबमध्ये याच्या बरोबर उलट. तिथे गाडीचा खर्च जास्त आहे हे मान्य, पण तो एकदाच. गाडी सोडून गेली की विषय संपला. घराच्या दारातूनच वाट सुरू होते. गाव म्हणजे ओढ्याच्या काठाने वर वर चढत गेलेली घरं, ओढ्याला तिकडे साय म्हणतात, दोन्ही काठांना अक्रोड, तुती, जर्दाळू, सफरचंद, वेली, आणि वाट पाण्याच्या कधी या बाजूने कधी त्या बाजूने. अर्धा तास चाललात की नुसत्या दगडांवर दगड रचून बांधलेली जुनी घरं लागतात, छपरं गेलेली, भिंती उभ्या. लोक हळूहळू खालच्या अंगाला उतरले आणि वरचं जुनं गाव तसंच राहिलं. अजून वर खडकांवर कोरलेली रानबकऱ्यांची चित्रं आहेत, कुणी पाटी लावलेली नाही, बरोबरच्या पोराने दाखवली म्हणून दिसली. आणि पूर्ण दिवस हाताशी असेल तर फोझिलमान तळ्यापर्यंत चढून जाता येतं, दमछाक होते पण वाट अवघड नाही, चालवत नसेल त्यांना गाढव मिळतं. ही सगळी चाल घरातून निघून घरात परत. मला वाटतं डोंगरातल्या गावात राहायचं ते याच्यासाठीच. तुमचं मत वेगळं असू शकतं.

एक सावधगिरी, वाटांवर खुणा नाहीत आणि मेंढपाळांची कुत्री मोठी असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी तरी यजमानांच्या घरातलं कुणीतरी बरोबर घ्या.

सेंतोबबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे नंतर निराशा नको. हे डोंगर हिरवे नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मे मधे देशाकडचा सह्याद्री जसा तपकिरी, उघडा पडलेला दिसतो तसे दिसतात, आणि फक्त ओढ्याच्या कडेने हिरवा पट्टा. ही रांग कमी उंचीची आहे, सगळ्यात उंच हयातबाशी 2169 मीटर, आणि उत्तरेला लगेच किझिलकुमचं वाळवंट लागतं. बर्फाची शिखरं, गर्द झाडी असं डोळ्यांसमोर असेल तर चिमगानकडे जा, तिथली शिखरं नक्कीच जास्त देखणी आहेत. पण वरून एका बाजूला वाळवंट आणि त्यात पसरलेलं आयदारकुल तळं दिसतं ना, ते दृश्य मला तरी जास्त आवडलं. हे तळंही नैसर्गिक नाही, 1969 साली सिर दर्या नदीला पूर आला आणि चारदारा धरणातून जास्तीचं पाणी अर्नासायच्या खोलगट भागात सोडावं लागलं, त्यातून ते तयार झालं. म्हणजे खरंतर दोन्ही गावांजवळचं पाणी माणसानेच आणलेलं. चारवाकचं धरण मात्र मुद्दाम बांधलेलं, 168 मीटर उंच, चाटकाल, कोकसू आणि प्स्केम या नद्यांचं पाणी अडवणारं, आणि त्या पाण्याचा निळा रंग दुपारी खरोखर बघत बसावा असा असतो. ते श्रेय ब्रिचमुल्लाला द्यायलाच हवं.

राहण्याची पद्धतही वेगळी आहे आणि दोघंच जाणार असाल तर याने फरक पडतो. चारवाकच्या बाजूला दाचा अख्खीच्या अख्खी भाड्याने देतात, आठ-दहा जणांचा ग्रुप असेल तर मस्त, अंगणात शाश्लिक, म्हणजे सळईवरचं मांस, भाजा, गाणी लावा. दोघांना ते महाग आणि ओकंओकं वाटतं. गेस्टहाऊस आहेत, पण शुक्रवार संध्याकाळ ते रविवार शेजारच्या दाचांमधली गाणी रात्री उशिरापर्यंत ऐकायची तयारी हवी. सोमवार ते गुरुवार गेलात तर हा प्रश्न बराच कमी होतो.

सेंतोबमध्ये तुम्ही कुणाच्या तरी घरी राहता. इथे आणि हयात, अस्राफ, उखुम, माजरुम या आसपासच्या गावांत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने होमस्टे उभे राहिले, हेतू असा की डोंगरातली झाडं आणि रानमेंढ्या राखायच्या तर गावाला त्यातून काहीतरी मिळालं पाहिजे. जवळच नुराताऊचं अभयारण्य आहे, 1975 चं, सेवेर्त्सोव्ह जातीच्या रानमेंढ्यांसाठी केलेलं. मला हे मनापासून पटतं, आपण दिलेले पैसे त्याच घरात राहतात आणि ते डोळ्यांना दिसतं. झोपायला जमिनीवर जाड गाद्या, कुठे पलंग असतात. संडास बऱ्याच घरांत अंगणाच्या टोकाला असतो, रात्री टॉर्च लागतो. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर बुक करताना पाश्चात्त्य कमोड आहे का हे स्पष्ट विचारून घ्या, काही घरांत आहे.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. मांसाहारी असाल तर दोन्हीकडे चंगळ. शाकाहारींनी सेंतोबमध्ये आधी कळवलं तर खरंच मनापासून करतात, तंदूरमधली गरम नान, दुधाची साय, अंडी चालत असतील तर अंडी, टोमॅटो-काकडी-कांद्याची कोशिंबीर, दही, घरचा जर्दाळूचा जॅम, अक्रोड आणि हिरवा चहा येतच राहतो. सूपमधे मटणाचं पाणी चालत नाही हे वेगळं सांगावं लागतं, नुसतं मांस नको म्हटलं तर तुकडे काढून तेच सूप येऊ शकतं. जेवण ओढ्याच्या कडेला तपचानवर, म्हणजे आपल्या बाजेपेक्षा मोठ्या लाकडी चौथऱ्यावर, मांडी घालून. ब्रिचमुल्लात हॉटेलं जास्त आहेत, पण शाकाहारी माणसाला तिथे सॅलड, ब्रेड आणि तळलेले बटाटे यावरच भागवावं लागलं, निदान आमचं तरी तसं झालं.

कधी जायचं यावर मात्र निर्णय खरंच बदलू शकतो. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर असेल तर सेंतोब, एप्रिलमधे डोंगरावर रानट्युलिप असतात. 25 जून ते 5 ऑगस्ट या काळाला तिकडे चिल्ला म्हणतात, सगळ्यात कडक उन्हाचे चाळीस दिवस, त्यात नुराताऊत दुपारी चालणं मी कुणाला सुचवणार नाही, तेव्हा चारवाकचं गार पाणी बरं. हिवाळ्यात बर्फ आणि स्की हवं असेल तर चिमगान आणि 2019 पासून सुरू झालेलं आमिरसोय रिसॉर्ट, तिथे सेंतोबची तुलनाच नको. अगदी लहान मुलं बरोबर असतील, किंवा ट्रिप फक्त ताश्कंदपुरतीच असेल, तरी ब्रिचमुल्लाच सोयीचं.

बाकी सगळ्यांनी, म्हणजे ज्यांना समरकंद आणि बुखारा दोन्ही करायचंय आणि रोज तीन-चार तास चालता येतं त्यांनी, मला वाटतं सेंतोबचा विचार आधी करावा. त्यातही नकाशावर ते आडबाजूला दिसतं तेवढं नाहीये. समरकंदहून सेंतोबला या, दोन रात्री राहा, मग आयदारकुलजवळच्या युर्त (नमद्याचे गोल तंबू) कॅम्पमधे एक रात्र, पुढे नुराता गावातला चश्मा झरा आणि अलेक्झांडरच्या नावाने सांगितला जाणारा किल्ला बघा, सुझानी भरतकाम घ्यायचं असेल तर ते इथेच बघा कारण नुराता त्यासाठी जुन्या काळापासून नावाजलेलं आहे, आणि संध्याकाळी बुखाऱ्यात. आलेल्या वाटेने परत जावं लागत नाही, म्हणून गाडीचा खर्चही वाटतो तेवढा अंगावर येत नाही.

दोन गोष्टी निघण्याआधी करा. सोम या तिथल्या चलनात पुरेशी रोख रक्कम समरकंदमधेच काढून ठेवा, गावात एटीएमच्या भरवशावर राहू नका. आणि होमस्टेवाले परदेशी पाहुण्यांची ऑनलाइन नोंदणी करतात का हे बुक करतानाच विचारा, नोंदणीची चिठ्ठी मागून घ्या आणि पासपोर्टमधे ठेवा. युर्त कॅम्पच्या रात्रीसाठीही हेच विचारा, आणि ड्रायव्हरशी बोलताना गावातल्या घराच्या दारापर्यंतचा भाव ठरवा, खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंतचा नको.