विंटेक इसाबेल खोगीर: शो जंपिंगकडून ड्रेसेजकडे येणाऱ्या स्वारासाठी

शो जंपिंगमध्ये (घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या खेळात) मुरलेला स्वार ड्रेसेजकडे (घोड्याकडून सूक्ष्म इशाऱ्यांवर शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या खेळाकडे) वळतो तेव्हा घोडा कसा हाताळायचा हे त्याला शिकवावं लागत नाही. अडतं ते बैठकीत. जंपिंगच्या खोगिराचा फ्लॅप (पायाखाली येणारा बाजूचा पट) पुढे काढलेला असतो, रिकीब आखूड असते, गुडघा वाकलेला असतो आणि वजन मांडीतून टाचेत उतरतं. ड्रेसेजला नेमकं वेगळं हवं: मांडी खाली सुटलेली, पाय कमरेच्या रेषेत, वजन बैठकीच्या दोन्ही हाडांवर. जंपिंगच्याच खोगिरात नुसती रिकीब लांब केली तर पाय पुढे सरकतो, पाठ मागे कलते आणि दुडकीत बसणं अशक्य होतं. म्हणून अनुभवी स्वारानेही अशा वेळी आधी खोगीर बदलावं. जर्मनीच्या इसाबेल व्हेर्ट यांच्या नावाचं विंटेक या ब्रँडचं हे कृत्रिम साहित्याचं खोगीर त्यासाठी बरेच जण निवडतात. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण आणि 2024 च्या पॅरिसमध्ये संघाचं सुवर्ण जिंकलेली ही स्वार. पण नाव बाजूला ठेवून खोगीर कसं आहे ते पाहू.

बैठक खोल आहे, आणि जंपिंगवाल्याला पहिला धक्का इथेच बसतो. उघड्या, सपाट बैठकीवर मागेपुढे सरकण्याची सवय असलेल्याला इथे एकाच जागी बसावं लागतं. त्यामुळे माप निवडताना जंपिंगचं माप डोळे झाकून घेऊ नका. तिकडे 17 इंच बसत असेल तर इकडे 17.5 बसून पाहा. आपल्या मागे खोगिराच्या काठापर्यंत साधारण चार बोटं जागा हवी. जागा कमी पडली की मागचा काठ स्वाराला पुढे ढकलतो, तो पोटऱ्या आवळून तोल सावरतो आणि घोडा विनाकारण पुढे पळू लागतो.

मांडीपुढचे ब्लॉक हलवता येतात, आणि या खोगिराचा खरा फायदा हा आहे. जंपिंगमधून येणारा स्वार गुडघ्याने पकडतो, कारण उडीवर तोल सावरायला ती पकड कामी येते. ब्लॉक मांडीला घट्ट लावले की तो त्यांच्यावर रेटा देऊन बसतो. कंबर अडकते, घोट्यातली लवचीकता जाते आणि घोड्याची पाठ खाली दबते. सुरुवातीला ब्लॉक इतके पुढे ठेवा की मांडी आणि ब्लॉक यांच्यात दोन बोटं मावतील. मांडी स्वतःहून खाली लोंबू लागली की मग ते जवळ आणा. उलट क्रमाने केलं तर ब्लॉकच बैठक धरून ठेवतात आणि स्वाराचा दोष झाकला जातो.

रिकीब अडकवायचा दांडा मागेपुढे करता येतो ही सोयही उपयोगाची. पण दांडा सगळ्यात मागे नेऊन रिकीब एकदम लांब केली, तर कमरेपुढचे स्नायू आखडलेला जंपिंगचा स्वार कंबर पोकळ करून पुढच्या उंचवट्यावर बसतो. ही चूक सर्रास दिसते. आधी मधली जागा घ्या आणि रिकीब एका वेळी एकच भोक लांब करा. बोटं रिकिबीला टेकतील, पण टाच जबरदस्तीने दाबावी लागणार नाही, इतकीच लांबी पुरेशी. एका भोकाच्या लांबीवर दुडकीत बसणं जमेपर्यंत पुढच्या भोकाकडे जाऊ नये.

आता घोडा. बदलता येणारा गलेट (खोगिराच्या पुढच्या कमानीची रुंदी ठरवणारी पट्टी) ही विंटेकची जुनी ओळख. रंगांवरून माप कळतं: पिवळा अरुंद, हिरवा मध्यम-अरुंद, काळा मध्यम, निळा मध्यम-रुंद, लाल रुंद, पांढरा अति रुंद. मोजमापाचा गेज खांद्याच्या हाडामागे साधारण दोन बोटांवर ठेवून जवळचा रंग घ्यायचा, मग स्क्रू सोडवून गलेट बदलायचा. गलेट अरुंद पडला तर खोगिराचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि स्वार मागे लोटला जातो. रुंद पडला तर पुढचा भाग खाली बसतो आणि विदर्सवर (मानेच्या बुडाशी खांद्यांवरच्या उंचवट्यावर) घासतो. स्वार बसलेला असताना विदर्स आणि खोगीर यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. ड्रेसेजच्या कामाने घोड्याची पाठ आणि मान भरत जाते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत दर सहा-आठ आठवड्यांनी माप पुन्हा तपासा. एकदा बसवलेला गलेट कायमचा मानू नका.

सीएआयआर पॅनेल म्हणजे घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या खोगिराच्या गादीत लोकरीऐवजी बंद हवेच्या पिशव्या. दाब एकसारखा पसरतो, लोकरीच्या गाठी पडत नाहीत. पण जंपिंगमध्ये एका बाजूला जास्त स्नायू झालेला घोडा असेल, तर लोकर कमी-जास्त भरून जे साधतं ते इथे साधत नाही. रायझरचे थर घालून थोडी उंची जुळवता येते, तेवढंच. असमान पाठीच्या घोड्याला आमचा कौल लोकर भरलेल्या पॅनेलच्या खोगिरालाच. हवेची पिशवी फाटली तर घरी काही करता येत नाही, ती बदलावी लागते.

एक खर्च विसरला जातो तो तंगाचा, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायच्या पट्ट्याचा. जंपिंगचा लांब तंग इथे चालत नाही, कारण ड्रेसेजच्या खोगिराचे पट्टे लांब असतात आणि बकल खाली येतात. आखूड तंग लागतो, जुन्या तंगापेक्षा साधारण 50 सेंमी कमी. बकल घोड्याच्या कोपराला लागता कामा नये. मध्ये चार बोटं जागा हवी, नाहीतर कातडी चिमटते आणि घोडा तंग ओढताना चावायला धावतो. तंग दोन्ही बाजूंनी सारखा ओढा.

उडीसाठी हे खोगीर घेऊ नका. जमिनीवरचे खांब आणि कॅव्हलेटी (सरावाचे बुटके अडथळे) ठीक, पण सरळ फ्लॅपवर आखूड रिकिबीत गुडघा ब्लॉकवर चढतो आणि खोल बैठक उडीत स्वाराला मागून ढकलते. दोन्ही खेळ चालू ठेवायचे असतील तर जंपिंगचं खोगीर विकू नका. ड्रेसेजचं खोगीर बसवतानाही त्याची जागा वेगळी असते हे लक्षात घ्या: खोगीर खांद्यावर पुढे सरकवून ठेवायची जंपिंगवाल्यांची सवय इथे घोड्याचा पुढचा पाय अडवते.

देखभाल सोपी: ओलं फडकं, सौम्य साबण, सावलीत वाळवणं. कातड्याचं तेल लावू नये. त्याचा कृत्रिम साहित्याला काही उपयोग नाही, उलट पृष्ठभाग निसरडा होतो. पृष्ठभाग चांगला पकड देतो, पण कातड्यासारखा स्वाराच्या अंगाप्रमाणे मुरत नाही. घासून गुळगुळीत झालेली बैठक पुन्हा पूर्ववत होत नाही.

वापरलेलं घेताय? पुढचा आणि मागचा उंचवटा दोन्ही हातांत धरून खोगीर हलकं दाबा: करकर आवाज आला किंवा एक बाजू जास्त लवली तर ट्रीला (खोगिराच्या आतल्या सांगाड्याला) तडा असण्याची शक्यता आहे. तंगाच्या पट्ट्यांची भोकं ताणून लांब झाली आहेत का, आणि दोन्ही बाजूंची सारखी आहेत का, ते पाहा. पॅनेलवर तळहात फिरवा. एखादी जागा पोकळ लागली तर हवा गेली आहे. गलेटचे स्क्रू गंजलेले नसावेत, आणि विक्रेत्याकडे गेज व इतर रंगांचे गलेट आहेत का हे विचारा, कारण ते वेगळे घ्यायला गेलं की स्वस्त खोगीर स्वस्त राहत नाही.